कोरड्या वजनावर

रबाळ्याला, एमआयडीसीच्या मागल्या गल्लीत,
रंगाच्या कारखान्याला पाठ लावून आमची प्रयोगशाळा.
आज दोन नमुने आले.
एक : तांदूळ, पाव किलो, सील शाबूत.
दोन : जेवण, एक ताट, पूर्ण,
दिघ्याच्या शाळेला डबे पुरवणाऱ्या स्वयंपाकघरातून,
स्टीलच्या डब्यात, अजून कोमट.
पत्रात एवढंच : दोन्हींची तुलना करून द्यावी.
दर शंभर ग्रॅमला.

ताट ताट म्हणून तपासता येत नाही,
आधी मोडावं लागतं.
भात, तुरीचं वरण, दुधीची भाजी, उकडलेलं अंडं,
काकडीची कोशिंबीर, लिंबाची फोड,
सगळं एका भांड्यात, झाकण दाबून, दीड मिनिट.
जिथे मीठसुद्धा आपली जागा सोडत नाही
तिथे ना डावं उरलं, ना उजवं.
भिंत लिंपायला कालवावा तसा पिवळट गोळा,
आणि वास मात्र
पाट मांडून बसा म्हणणारा.

तांदळाला असलं काही सोसावं लागलं नाही.
तो दळला गेला आणि पांढराच राहिला.

मग आम्ल, मग उकळणं, धूर ओढणारं कपाट.
नायट्रोजन थेंबाथेंबाने मोजायचा
आणि गुणायचा, तांदळाला एक आकडा, ताटाला दुसरा.
मग भट्टी.
साडेपाचशे अंशांवर दोघांची राख,
चिमटीत मावेल एवढी,
तीही काट्यावर चार दशांशांपर्यंत.

संध्याकाळी तक्ता लागला.
तांदूळ : उष्मांक तीनशे अठ्ठेचाळीस, प्रथिनं साडेसात.
ताट : उष्मांक एकशे बारा, प्रथिनं चार.

दोनदा तपासलं. तांदूळच जिंकत होता.
दातार साहेब म्हणाले, आकडा आहे तो आहे, पाठवून दे.
मला दिसलं, कुठल्याशा टेबलावर
कुणीतरी या तक्त्याखाली रेघ ओढतंय,
आधी अंडं जातंय,
मग लिंबू.

सुगंधा मढवी बेसिनपाशी मुशी घासत होती.
गोठिवलीची. आमच्या गाड्या लागतात
तिथे तिच्या सासऱ्याचं भाताचं शेत होतं,
हे तिने एकदाच सांगितलं, तेही पार्किंगचा पत्ता सांगताना.
मागे न बघता म्हणाली,
"त्यानचा पानी मोजलास का गो?"

पाणी.
मोजलं होतं. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं मीच :
तांदळात बारा, ताटात बहात्तर.
लिहून पुढे गेले होते.

पाणी बाजूला काढलं, पुन्हा भागलं.
उष्मांक जवळजवळ बरोबरीत,
प्रथिनं तांदळाची साडेआठ, ताटाची चौदाच्या वर.
आता हे दोन तक्ते, आणि दोन्ही खरे.

शिवाय जे तक्त्यात नाहीच :
तांदळात लायसिन तोकडं, ते तुरीत भरपूर,
तुरीत जे तोकडं, ते तांदूळ पुरवतो,
झाकून घेतात एकमेकांचं उणं
नेसत्या वस्त्रानिशी गावात आलेल्या दोघांसारखं.
आणि लिंबू पिळलं नाही
तर पालेभाजीतलं, डाळीतलं बरंचसं लोह
आल्या वाटेने निघून जातं.
या चाचण्यांचे पैसे भरलेले नाहीत.

मी तळटीप टाकली, तुलना कोरड्या वजनावर वाचावी,
ठळक अक्षरांत.
दातार साहेबांनी ठळक काढलं. तळटीप राहू दिली.

नमुने तीस दिवस ठेवायचे असतात.
ताटाचा गोळा चिठ्ठी लावून फ्रीझरमध्ये गेला.
तांदळाच्या पिशवीतले चार दाणे
सुगंधाने उचलून दाढेखाली धरले,
नियमात बसत नाही, मी बघितलं नाही.
"जुना हाय," म्हणाली, "बराच फुगंल."

फुगेल म्हणजे पाणीच ना ते, मी म्हटलं.

"मंग? पोरांना कोरडाच घालशील का?"